‘गुड’समोरचे शब्द

प्रस्तावना

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या वहीत विरुद्धार्थी शब्दांच्या ज्या पहिल्या जोड्या येतात, त्यांत गुड आणि बॅड ही जोडी हमखास असते. बिग-स्मॉल, हॉट-कोल्ड, डे-नाइट यांच्या रांगेत ती बसते, पाठ होते आणि परीक्षेत एक गुण मिळवून देते. मूल मोठे होते, इंग्रजीत अर्ज लिहू लागते, कचेरीत ईमेल पाठवू लागते, नोकरीसाठी परमुलखात जाऊन राहते. तरी जे जे चांगले नाही ते सगळे त्याच्या इंग्रजीत बॅडच राहते. दूध बॅड, रस्ता बॅड, अक्षर बॅड, अहवाल बॅड आणि माणूसही बॅड. ऐकणाऱ्याला मतलब कळतो, काम भागते. बोलणाऱ्याला नेमके काय म्हणायचे होते ते मात्र त्याच्या मनातच राहते.

गुडच्या विरुद्ध बाजूला उभे असलेले इंग्रजी शब्द या पुस्तकात एकेक करून घेतले आहेत. कोणता शब्द कुठून आला, कुणाला लागला, आज तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे मराठी वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. गुडला ठरलेला असा एक विरुद्धार्थी शब्द नाही. कशाच्या बाबतीत चांगले, हे विचारल्याशिवाय तो सापडतच नाही.

पीटर गीच या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५६ साली ‘गुड अँड ईव्हिल’ नावाचा एक छोटा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की विशेषणे दोन तऱ्हेची असतात. ‘लाल मोटार’ म्हटले की दोन गोष्टी सुट्या करता येतात: ती वस्तू लाल आहे आणि ती मोटार आहे. ‘चांगली सुरी’ म्हटले की असे सुटे करता येत नाही. ती वस्तू नुसती चांगली नसते, ती सुरी म्हणून चांगली असते. म्हणजे धारदार असते, मुठीत नीट बसते. चांगला डॉक्टर रोग ओळखतो, चांगला आंबा गोड असतो, चांगला शेजारी अडीअडचणीला धावून येतो. गुड हा शब्द चारही ठिकाणी तोच, पण त्याच्या पोटातला माल प्रत्येक वेळी वेगळा. मग उलट टोकाला एकच शब्द कसा पुरेल? सुरी बोथट असते, डॉक्टर अर्धवट, आंबा नासका, शेजारी कुजका. इंग्रजीतही सुरीला ब्लंट म्हणावे लागते, डॉक्टरला इनकॉम्पिटंट, आंब्याला रॉटन आणि शेजाऱ्याला स्पाइटफुल.

खुद्द गुड या शब्दाची व्युत्पत्तीही याच दिशेने बोट दाखवते. एकत्र येणे, जुळणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूपासून तो आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. गॅदर आणि टुगेदर हे शब्द त्याच कुळातले. चांगले म्हणजे आपल्या जागी नीट जुळणारे. मग जे जुळत नाही ते कशाशी जुळत नाही, हे सांगणे ओघाने आलेच.

हे मराठी माणसाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात ते रोज चालते. दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, तेल खवट होते, भाकरी शिळी होते, पापड सादळतात, डाळीला कीड लागते, लोणच्यावर बुरशी येते. या आठही गोष्टी ‘वाईट झाल्या’ असे कोणतीही गृहिणी म्हणणार नाही. सादळलेला पापड तळला की पुन्हा कुरकुरीत होतो, खवट तेल काही केल्या सुधारत नाही, शिळ्या भाकरीचा कुस्करा करून फोडणी देता येते. म्हणजे बिघाडाचे नाव घेतले की पुढे काय करायचे तेही त्यात आलेच. इंग्रजीतही हीच सोय आहे. खवट तेलाला रॅन्सिड, शिळ्या पावाला स्टेल, बुरशी आलेल्याला मोल्डी, नासलेल्या अंड्याला रॉटन, फाटलेल्या दुधाला सावर, सादळलेल्या बिस्किटाला सॉगी. आपल्याकडे ज्या जागी वेगळा शब्द आहे, त्या जागी इंग्रजीतही बहुतेक वेगळा शब्द आहे. जे आपण मराठीत बिनचूक करतो, ते इंग्रजीत जाताना सोडून देतो आणि सगळ्याला बॅड म्हणून मोकळे होतो.

बॅड हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. बॅड डेट म्हणजे बुडीत कर्ज, बॅड ब्लड म्हणजे जुने वैर, बॅड लँग्वेज म्हणजे शिवीगाळ. बॅड कोल्ड म्हणजे जबर सर्दी, आणि इथे तर गंमत अशी की समोर गुड कोल्ड नावाची वस्तूच नाही. ज्या गोष्टी मुळातच नकोशा असतात त्यांच्यापुढे बॅड लागला की तो फक्त तीव्रता सांगतो. या ठिकाणी विरुद्धार्थी शब्द विचारला तर उत्तर माइल्ड असे येईल. शाळेतल्या जोडीवर भिस्त ठेवणाऱ्याला ते कधीच सुचणार नाही.

आता थोडे इतिहासाकडे. आज गुडच्या समोर बॅडला बसवले जाते, पण तो तिथे मागाहून आला. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंत, गुडच्या विरुद्ध बाजूला ईव्हिल होता. त्याचे तेव्हाचे रूप यफेल. नासके फळ, वाईट हवा, दुखणे, दुष्ट माणूस, या सगळ्यांना तोच लागे. इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत स्कँडिनेव्हियातून आलेले लोक स्थायिक झाले आणि त्यांच्या बोलीतून इल हा शब्द इंग्रजीत शिरला. ईव्हिल आणि इल दिसायला भावंडे वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. बॅड लेखनात दिसू लागतो तो तेराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तो कुठून आला हे आजही पक्के ठरलेले नाही. बायकी पुरुषाला किंवा ज्याचे स्त्रीत्व-पुरुषत्व संदिग्ध आहे अशा माणसाला जुन्या इंग्रजीत बॅडेल म्हणत. त्यावरून हा शब्द आला असे एक मत आहे. ते खरे असेल तर इंग्रजीतल्या सर्वात सर्वसाधारण निंदेच्या मुळाशी एका वेगळ्या माणसाची हेटाळणी आहे.

बॅड, वर्स, वर्स्ट ही रूपे आपण पाठ करतो. त्यातली वर्स आणि वर्स्ट ही मुळात ईव्हिलची. बॅडला स्वतःची बॅडर, बॅडेस्ट अशी रूपे होती आणि ती काही शतके चाललीही. पुढे ईव्हिल मागे सरला आणि त्याची ही दोन रूपे बॅडकडे आली.

हा बदल कसा घडत होता ते एका ठिकाणी फार जवळून पाहता येते. १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाने बायबलचे जे इंग्रजी भाषांतर निघाले, त्यातल्या यिर्मयाच्या चोविसाव्या अध्यायात अंजिरांच्या दोन टोपल्या आहेत. देवळासमोर ठेवलेल्या. एका टोपलीत उत्तम, पहिल्या बहराची अंजिरे. दुसरीतली तोंडात घालवणार नाहीत अशी. पहिल्या टोपलीला भाषांतरकारांनी गुड म्हटले आणि दुसरीसाठी लागोपाठच्या दोन वचनांत तीन शब्द वापरले: नॉटी, बॅड आणि ईव्हिल. आज नॉटी म्हणजे खोडकर, लाडाने रागावण्याचा शब्द. ईव्हिल म्हणजे महापातकी, सैतानी. फळाला या दोहोंपैकी एकही लागणार नाही. चारशे वर्षांपूर्वी मात्र तिन्ही शब्द एकाच टोपलीतल्या अंजिरांना लागत होते. नॉटी मूळचा नॉटपासूनचा, म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही, कवडीमोल. कवडीमोलवरून तो दुष्टावर गेला आणि दुष्टावरून घसरत घसरत खोडकर पोरावर येऊन थांबला.

ईव्हिलचा जुना, दुखण्याचा अर्थ बराच काळ टिकून होता. मानेच्या गाठी सुजून वाहू लागण्याच्या रोगाला, म्हणजे गंडमाळेला, इंग्लंडात किंग्ज ईव्हिल म्हणत, कारण राजाच्या स्पर्शाने तो बरा होतो अशी लोकांची श्रद्धा होती. १७१२ साली राणी ॲनपुढे हा आजार झालेले एक लहान मूल स्पर्शासाठी नेले गेले. ते मूल म्हणजे सॅम्युअल जॉन्सन. राणीच्या स्पर्शाने रोग बरा झाला नाही, गळ्यावरचे व्रण जन्मभर राहिले. याच जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा तो प्रसिद्ध शब्दकोश सिद्ध केला. शब्दाचा एक अर्थ अंगावर वागवत त्याने शब्दांचे अर्थ लिहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या सगळ्या शब्दांत मला सर्वात अस्वस्थ करणारा गट वेगळाच आहे, आणि पुस्तकात मी त्याला सर्वाधिक जागा दिली आहे. व्हिलन हा शब्द घ्या. आपल्या हिंदी-मराठी सिनेमाने तो घरोघरी पोचवला. मूळ लॅटिन व्हिला, म्हणजे जमीनदाराची शेती; तिथे राबणारा तो व्हिलानस. मध्ययुगीन इंग्लंडात मालकाच्या जमिनीला बांधलेला कूळ म्हणजे व्हिलेन. त्याने कुणाचे वाईट केलेले नव्हते. तो गरीब होता, मळकट होता आणि लिहिणारे त्याच्या वर्गातले नव्हते, एवढाच त्याचा दोष. हळूहळू त्याचे नाव हीच शिवी झाली आणि अखेर कथेतला खलपुरुष झाला.

हा एकटा असता तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. चर्ल म्हणजे साधा स्वतंत्र शेतकरी; त्यावरून चर्लिश, म्हणजे उर्मट, खडूस. बूर म्हणजेही शेतकरीच. आज बूरिश म्हणजे असंस्कृत. नेव्ह म्हणजे पोरगा, मग नोकर पोरगा, मग लबाड. ल्यूड म्हणजे जो धर्मगुरू नाही असा सामान्य माणूस. मग अशिक्षित, मग असभ्य आणि शेवटी अश्लील. व्हल्गर म्हणजे बहुजनांचा. मीन म्हणजे सर्वांचा सामाईक; मग हलका, मग कंजूष, मग खुनशी. हसी हा चवचाल बाईसाठीचा शब्द चक्क हाउसवाइफचे झिजलेले रूप आहे. आणि गुडच्या बाजूला कोण उभे आहेत ते पाहा. नोबल म्हणजे खानदानी. जेंटल म्हणजे चांगल्या कुळातला. जनरसही मुळात कुलीनच. वाड्यातल्या माणसांची नावे सद्गुणांना लागली आणि शेतातल्या माणसांची दुर्गुणांना.

सी. एस. लुइस यांनी १९६० सालच्या ‘स्टडीज इन वर्ड्स’ या पुस्तकात या प्रकाराला दर्जादर्शक शब्दांचे नैतिकीकरण अशा अर्थाचे नाव दिले. माणसाची सामाजिक पायरी सांगणारा शब्द त्याच्या शीलाचा शब्द बनतो. हे नाव पंडिती आहे, पण त्यामागचा अन्याय साधा आहे: ज्याच्या हातात लेखणी, त्याचे शब्द.

आपण मराठीकडे बोट दाखवणार नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. नीच म्हणजे खालचा. गावंढळ म्हणजे गावातला. भिकार चित्रपट, दरिद्री विचार, हलक्या मनाचा माणूस, हे आपण बिनदिक्कत म्हणतो आणि दरिद्री असणे हा दुर्गुण असल्याचे त्यात गृहीत धरतो. याहून भयंकर म्हणजे कित्येक कष्टकरी जातींची नावे आपल्या समाजाने शिव्या म्हणून वापरली. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या १९८९ च्या कायद्याने अशा अपमानाला गुन्हा ठरवले, तेव्हा कुठे चारचौघांत तरी जीभ आवरली गेली. उलट दिशेनेही काही घडते आहे. गावठी हा शब्द एकेकाळी नाक मुरडून उच्चारला जाई. आज गावठी अंडी, गावठी कोंबडी, गावठी लसूण म्हटले की दोन पैसे जास्त मोजले जातात. शब्दाचा मान माणसाच्या मानाबरोबर चढतो-उतरतो, आणि तो चढवणे आपल्या हातात असते.

पुअर या शब्दात हे सगळे एकवटले आहे. त्याचे तीन अर्थ: गरीब, बिचारा आणि सुमार दर्जाचा. पुअर फॅमिली, पुअर थिंग, पुअर क्वालिटी. लॅटिन पॉपरपासून फ्रेंचमार्गे तो आला आणि पैशाच्या कमतरतेवरून कोणत्याही कमतरतेवर पसरला. नजर अधू तर पुअर आयसाइट, पीक कमी तर पुअर हार्वेस्ट. आज औपचारिक इंग्रजीत बॅडपेक्षा पुअर सौम्य मानला जातो. बॅड रिपोर्ट म्हटले की लिहिणाऱ्याच्या तोंडावर फेकल्यासारखे वाटते. पुअर रिपोर्ट म्हटले की त्यात काहीतरी कमी पडले एवढाच भाव येतो. वापरताना ही सोय जरूर घ्यावी, फक्त ती कुणाच्या नावावर उभी आहे ते लक्षात असू द्यावे.

वस्तूंवरून आलेले निंदाशब्द त्या मानाने कमी बोचतात. शॉडी म्हणजे हलक्या दर्जाचे, कसेबसे उरकलेले काम. मुळात शॉडी हे कापडाचे नाव. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३ साली बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. गरिबाला स्वस्तात ऊब मिळाली, चिंध्यांना मोल आले. पण १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, सैन्याला गणवेश घाईघाईने हवे झाले आणि काही कंत्राटदारांनी निकृष्ट शॉडीचे कपडे पुरवले. पावसात ते सैनिकांच्या अंगावर विरून गेले. तेव्हापासून शॉडी म्हणजे फसवणुकीचा माल. नफेखोरांची बदनामी कापडाच्या माथी आली. आपल्याला १७६१ मुळे ठाऊक असलेले पानिपत आज जुन्या लोकरी कपड्यांपासून असेच सूत आणि ब्लँकेट बनवण्याचे जगातले एक मोठे केंद्र आहे. तिथला कारागीर शॉडी हा शब्द कारखान्यातल्या मालाचे नाव म्हणून वापरतो, त्यात कसलीही निंदा नसते.

नकार लावून विरुद्धार्थी शब्द करण्याची रीत इंग्रजीत आहे, मग अनगुड का नाही? जुन्या इंग्रजीत तो होता, पुढे लोपला. १९४९ साली जॉर्ज ऑरवेलने ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत त्याला पुन्हा उभे केले, आणि तेही हुकूमशाहीच्या भाषेत. त्या राज्यात बॅड शब्दाची गरजच उरत नाही. अनगुड पुरतो, फार झाले तर डबलप्लसअनगुड. शब्द कमी केले की विचारही कमी होतील, हा सत्ताधाऱ्यांचा हिशेब. शाळेतल्या एकास-एक जोडीविषयी मला जी काळजी वाटते तिचे टोक ऑरवेलने फार आधी दाखवून ठेवले आहे. ज्याच्यापाशी वाईटाला एकच शब्द आहे, त्याला अन्याय, निष्काळजीपणा, अडाणीपणा आणि दुष्टपणा यांतला फरक बोलून दाखवता येत नाही, आणि बोलता न आलेल्या गोष्टीची तक्रारही करता येत नाही.

या नकाराबाबत एक नियमही दिसतो. कार्ल झिमर यांनी १९६४ साली तो सविस्तर मांडला: इंग्रजीत अन हा उपसर्ग बहुधा भल्या शब्दांना लागतो, बुऱ्यांना नाही. अनकाइंड आहे, अनक्रुएल नाही. अनहॅपी आहे, अनसॅड नाही. मराठीतही असमाधानी आहे, पण अदुःखी कुणी म्हणत नाही. चांगुलपणा हा गृहीत धरलेला पाया आणि त्यातली उणीव तेवढी सांगायची, असा हा कल असावा. मानसशास्त्रज्ञांनीही याच्याशी जुळणारे काही पाहिले आहे. बाउचर आणि ऑसगुड यांनी १९६९ साली दाखवले की निरनिराळ्या भाषांत माणसे चांगल्या अर्थाचे शब्द जास्त वेळा वापरतात. रोझिन आणि रॉयझमन यांनी २००१ साली मांडले की वाईटाची शब्दसंपदा मात्र जास्त बारकाव्यांची असते. निरोगी असण्याचा तपशील कुणी मागत नाही. दुखते म्हटले की कुठे, कसे, केव्हापासून, हे विचारावेच लागते. गुडच्या समोर एवढी गर्दी का, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला मिळालेले नाही.

अनसारखेच वाईटपणा दाखवणारे आणखी उपसर्ग आहेत. त्यांतले संस्कृतातला दुस् आणि ग्रीकमधला डिस हे एकाच मुळाचे. म्हणजे आपला दुष्काळ आणि इंग्रजीतला डिस्टोपिया यांचे पहिले अक्षर सख्खे आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ साली ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना या डिस्टोपियाच्या कुळातला शब्द वापरला होता. उलट आपल्या बदनाम, बदसूर, बदफैली यांतला फारसी बद आणि इंग्रजी बॅड यांचा काही संबंध नाही. उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळूनही तो निव्वळ योगायोग आहे, तेव्हा या जुळणीवर कुणी सिद्धान्त रचू नये.

आणखी एक फरक मराठी वाचकाने पक्का करावा. नॉट गुड म्हणजे बॅड नव्हे. दार उघडे नसेल तर बंदच असते, पण चहा चांगला नसला तर तो वाईटच असतो असे नाही. पहिल्या जोडीत मधली जागा नाही, दुसरीत ती ऐसपैस आहे. ॲरिस्टॉटलने हा भेद सांगून ठेवला आणि १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात एडवर्ड सपीर यांनी भाषेच्या अंगाने त्याचा विचार केला. मधल्या जागेसाठी मराठीत बरा हा फार सुंदर शब्द आहे. बरे आहे, बरा झाला, बऱ्यापैकी. इंग्रजीत त्याच्या तोडीचा एक शब्द नाही. मीडिऑकर मूळ अर्थाने जवळचा, कारण त्याचा अर्थ डोंगराच्या अर्ध्या वाटेवर पोचलेला. पण आज त्यात तुच्छता भरली आहे. मराठी माणूस ‘बरे आहे’ म्हणून समाधानाने सांगतो आणि तेच इंग्रजीत मीडिऑकर म्हणून गेले तर समोरचा दुखावतो. ब्रिटिश माणूस नॉट बॅड म्हणतो तेव्हा तो बहुधा दाद देत असतो, हेही ध्यानात ठेवावे.

निंदेचा शब्द उलटून स्तुतीचा होणे हेही इंग्रजीत नित्याचे. टेरिफिक मूळचा धडकी भरवणारा. विकेड म्हणजे पापी, पण झकास या अर्थाने तो एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या १९२० सालच्या कादंबरीत सापडतो. बॅडला कौतुकाचा अर्थ दिला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी, आणि मायकल जॅक्सनच्या १९८७ च्या अल्बममुळे तो जगभर गेला. खतरनाक, कहर, भयंकर आवडले असे म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. उलट प्रवासही आहेत. आज कौतुकाचा असलेला नाइस लॅटिन नेसियसपासूनचा, म्हणजे अजाण. सुमारे सातशे वर्षांपूर्वी कुणाला नाइस म्हणणे म्हणजे मूर्ख म्हणणे होते. सिली मात्र धन्य, सुखी या अर्थापासून निघून मूर्खावर आला. दोघांनी जागा बदलल्या.

पुस्तकाच्या अखेरीस शाळेतल्या शेऱ्यांवर एक प्रकरण आहे, आणि शिक्षकांनी निदान तेवढे तरी वाचावे अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी माध्यमाच्या प्रगतिपुस्तकात मुलाच्या नावापुढे पुअर, वीक, बॅड असे शब्द लिहिले जातात. मराठीत त्या जागी आपण ‘गणितात कच्चा’ म्हणत आलो. कच्चा या शब्दात पिकण्याची शक्यता शिल्लक आहे. आज कच्चे आहे ते उद्या पिकेल. बॅडमध्ये ती नाही, आणि मुलाला तर बॅड इन मॅथ्स आणि बॅड बॉय यांतला फरकही कळत नाही. गणित न आलेले पोर आपण वाईट आहोत असे समजून घरी जाते. इंग्रजीत लिहायचेच असेल तर नीड्स प्रॅक्टिस लिहा, हातचे विसरतो असे लिहा, काय येत नाही ते नेमके लिहा.

पुस्तक सलग वाचण्याची सक्ती नाही. अडेल त्या शब्दाची नोंद उघडा, पण ती उघडण्याआधी आपल्या वाक्यातली वस्तू किंवा माणूस कोणत्या बाबतीत चांगला नाही, ते मराठीत एका शब्दात सांगून पाहा. खवट, बोथट, कच्चा, खुनशी, सुमार, जे असेल ते. तो शब्द सापडला की त्याचा इंग्रजी जोडीदार पुढच्या पानांत शोधणे सोपे जाईल. एखादा शब्द राहून गेला असेल, किंवा आपल्या भागातल्या बोलीत वाईटाचा याहून नेमका शब्द असेल, तर वाचकांनी तो जरूर कळवावा. पुढच्या आवृत्तीत त्याला जागा मिळेल.